माटोळीकडे दाखवलेलं बोट

गोव्यातल्या माशेलहून एका आईने लिहिलं आहे. पत्र मोठं आहे, मुद्द्यापुरतं इथे देते.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, त्यांचा मुलगा १४ महिन्यांचा झाला. मूळ घरी सगळं कुटुंब जमलं होतं. जावेची मुलगी याच्याहून चारच महिन्यांनी मोठी, ती घरभर धावत होती. ती अकराव्या महिन्यातच चालली. हा अजून चालत नाही. रांगलाही नाही, बसल्या बसल्या बुडावर सरकत हवं तिथे पोचतो. पलंगाला धरून उभा राहतो, कडेकडेने दोन-तीन पावलं टाकतो आणि बसतो. शब्द तीनच: पाण्याला 'मम', स्कूटरला 'भूं' आणि आजीला 'जी'. जन्म ३४ आठवडे भरल्यावर झाला, म्हणून दहा दिवस काचेच्या पेटीत होता. सासूबाई म्हणतात, याचा बापूससुद्धा दीड वर्षाचा होऊन चालला. दीर म्हणतात, वॉकर आणा. शेजारीण म्हणते, कॅल्शियम द्या. नवऱ्याचं म्हणणं असं, की घरात मराठी, शेजारी कोंकणी, टीव्हीवर हिंदी, त्यात पोर गोंधळलंय, तेव्हा उद्यापासून फक्त इंग्रजी बोलायचं. आणि शेवटी आईचा प्रश्न: माझं बाळ मागे पडलंय का?

पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत, बाईंनी अगदी जाता जाता लिहिलेल्या. एक अशी, की आरती चालू असताना हा माटोळीतल्या (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीतल्या) लाल कवंडळाच्या फळाकडे बोट करून 'ऊं, ऊं' करत होता आणि पुन्हा पुन्हा वळून आईकडे बघत होता, धड आरती म्हणू देईना. दुसरी गोष्ट जावेच्या मुलीबद्दल आहे. तिच्याकडे शेवटी येते, कारण ती वाचून मी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली.

आधी वय नीट मोजू. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरले, तर तुमचा मुलगा सहा आठवडे लवकर आला. ते सहा आठवडे त्याला पोटात मिळायचे होते. म्हणून वाढीचा हिशेब करताना कॅलेंडरच्या १४ महिन्यांतून दीड महिना वजा करायचा. उरले साडेबारा. याला आम्ही डॉक्टर दुरुस्त वय म्हणतो आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत तेच धरून चालतो. (लसींना मात्र ही वजाबाकी लागू नाही, त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. 'बाळ कमी दिवसांचं आहे म्हणून डोस लांबवला' असं सांगणारे आईबाप मला अजूनही भेटतात.) तेव्हा चवथीला तुमच्या घरात साडेबारा महिन्यांच्या मुलाची अठरा महिन्यांच्या मुलीशी तुलना चालली होती. पहिलीतल्या पोराला चौथीचा पेपर द्यावा तसं हे झालं.

आता चालण्याचं. 'बाळ वर्षाचं झालं की चालतं' हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती लागली आणि पोर उभं नसलं की घरात कुजबुज सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी अशा वेळी आईबापांना सांगते. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली ८१६ निरोगी बाळं त्यात होती, आपल्याकडची दिल्लीची. कार्यकर्ते घरोघरी ठरावीक अंतराने जाऊन पाहत होते, की कोण कधी बसतं, कोण कधी उभं राहतं. एकट्याने चालायला लागण्याचं वय निघालं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारंही ठीक आणि सतराव्यात चालणारंही ठीक. आधाराशिवाय बसण्याचा पल्ला ३.८ ते ९.२ महिन्यांचा, हातापायांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ चा. आणि ४.३ टक्के मुलं तशी रांगलीच नाहीत. बसण्यावरून थेट उभी राहिली.

रांगण्याबद्दल तर इतकी भीती घातलेली असते, की 'रांगलं नाही तर पुढे गणित येत नाही' इथपर्यंत मी ऐकलंय. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ साली त्यांची टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. त्याच वेळी त्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. पूर्वी यादीत सरासरी वय असायचं. सरासरी म्हणजे निम्मी मुलं त्यानंतरच करणार, आणि तितक्या आया विनाकारण झुरणार. नव्या यादीत ज्या वयापर्यंत चारांतली तीन मुलं ती गोष्ट करतात, ते वय धरलंय. त्यात १५ महिन्यांना 'थोडी पावलं स्वतःहून' आणि १८ महिन्यांना 'न धरता चालतं' असं आहे.

आपल्याकडे मोजमापं नाहीत असं कुणी समजू नये. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवरून तयार केलेली मोजपट्टी आहे, तीत हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ पायऱ्या आहेत. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने त्याच परंपरेतून १७ पायऱ्यांचा एक सुटसुटीत तक्ता केला, तो दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आजही वापरतात. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावरही टप्प्यांची चित्रं असतात. ते कार्ड बहुतेक घरांत लसीच्या तारखेपुरतं उघडलं जातं.

बुडावर सरकणारी मुलं ही माझी लाडकी. यांना पालथं पडणं मुळात आवडत नाही, पालथं घातलं की रडून घर डोक्यावर घेतात. काखेत धरून उभं करायला जावं, तर पाय खाली टेकण्याऐवजी समोर उचलून धरतात, जणू हवेत पाटावर बसलेत. हात मोकळे राहतात म्हणून वाटीतला चुरमुरा हातात घेऊन सरकत येतील, ते रांगणाऱ्याला कुठून जमायचं! ही मुलं उशिरा चालतात. दीड वर्षाच्या पुढे जातात, काही दोनपर्यंत. आणि पुष्कळदा हे घराण्यात असतं. तेव्हा सासूबाईंना विचारा, की बापूस रांगला होता का तोही सरकतच होता. 'याचा बापूस पण तसाच' हे वाक्य सुना बहुधा टोमणा म्हणून ऐकतात. मी ते केसपेपरवर लिहून घेते.

पण याचा अर्थ न पाहता सोडून द्यायचं असा नाही. स्नायू फार सैल असलेलं किंवा पाय ताठ असलेलं मूलही सरकतच फिरतं. म्हणून एकदा हात लावून बघणं आलं. मी काय बघते ते सांगते, म्हणजे डॉक्टर काय करताहेत ते तुम्हाला कळेल. दोन्ही मांड्या बाजूला सारख्या उघडतात का (खुब्याचा सांधा निखळलेला नाही ना). उभं केल्यावर टाचा टेकतात की सतत चवड्यांवरच राहतो. पायांची कात्री होते का. बाळाला कमरेत धरून तोंड खाली करून झटकन टेबलाकडे नेलं, तर पडताना सावरावं तसे दोन्ही हात पुढे येतात का. ही प्रतिक्रिया आठव्या-नवव्या महिन्यापासून यायला लागते आणि चालायला लागण्याआधी ती असावीच लागते. (हे घरी करून बघू नका.) आणि दोन्ही हात सारखे वापरतो का. 'आमचा डावखुरा होणार' असं दहाव्या महिन्यातच कौतुकाने सांगणारे आजोबा मला सावध करतात. दीड वर्षाच्या आत मूल एकाच हाताने सगळं करत असेल, तर दुसऱ्या हाताचं काय बिनसलंय ते शोधावं लागतं.

तुमच्या मुलाची मर्यादा आजच लिहून ठेवा. दुरुस्त वयाचे १८ महिने म्हणजे कॅलेंडरचे साडेएकोणीस. तोवर चालला नाही, तर कुणी काहीही म्हणो, तपासायला न्यायचं. आणि मुलगा आहे म्हणून त्या वेळी रक्तातलं सीपीके नावाचं एन्झाइम तपासायला सांगा. स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, ड्युशेन म्हणतात, तो जवळजवळ मुलग्यांनाच होतो, आणि उशिरा चालणं हे त्याचं कधीकधी पहिलं चिन्ह असतं. आजार विरळा आहे. एका साध्या रक्ततपासणीत शंका मिटते, म्हणून सांगते, घाबरवायला नाही.

वॉकर आणू नका. गोल, चाकांचा, मध्ये बाळ टांगून ठेवायचा तो. त्यात मूल चवड्यांनी ढकलत फिरतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल सावरायची गरजच पडत नाही. चालणं त्याने लवकर येत नाही, झालं तर थोडं लांबतंच. आणि आपल्या गोव्यातली घरं डोळ्यांसमोर आणा: खोलीखोलीत उंबरा, पुढच्या सोप्यावरून अंगणात पायऱ्या. कॅनडाने २००४ सालीच वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती अशाच पडण्यांमुळे. दिरांना काही घेऊन द्यायचंच असेल तर लाकडी पांगुळगाडा आणायला सांगा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, सगळा फरक त्यातच आहे. सावंतवाडीला जाणं झालं तर लाकडी खेळण्यांच्या चितारआळीत चौकशी करा. हा अजून न धरता उभा राहत नाही, तेव्हा महिनाभर थांबून, आणि आधी गाड्यावर थोडं वजन ठेवून, म्हणजे तो पुढे सटकणार नाही. तोवर घरात अनवाणीच ठेवा. पलंग आणि खुर्ची यांत एका पावलाचं अंतर ठेवा आणि त्याची आवडती वस्तू पलीकडे. यापेक्षा मोठा व्यायाम मला माहीत नाही.

कॅल्शियमचं थोडक्यात. मनगटं रुंदावलेली, पाय वाकलेले, असं मुडदुसाचं काही दिसत असेल तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही बघावं लागेल. नसेल, तर बाटलीभर औषधाने पाय चालत नाहीत. पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले होते का, ते आठवा. माझी खरी शंका लोहावर असते. कमी दिवसांच्या बाळांचा लोहाचा साठाच अपुरा असतो, तेव्हा हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. नाचणीचं तिजान चांगलंच आहे, पण त्यावर सगळं सोपवू नका, काटे काढलेला मासा, अंडं, डाळ द्या. ज्या घरी मासळी शिजत नाही आणि आई स्वतः काटेकोर शाकाहारी आहे, त्या घरच्या अंगावर पिणाऱ्या बाळांच्या बाबतीत बी-१२ विसरू नये. त्याच्या कमतरतेने गुटगुटीत मूलसुद्धा मंदावतं, हसेनासं होतं, आलेल्या गोष्टी विसरतं. अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि वेळीच कळलं तर ती सुधारतातही.

आता भाषा. नवऱ्याला माझा निरोप द्या, की उद्यापासूनची इंग्रजी रद्द. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. असं असतं तर गोव्यातलं एकही पोर वेळेवर बोललं नसतं. आमच्या घरी आई मराठीत रागवायची, बाजारात कोंकणी, आणि वडिलांना राग अनावर झाला की पोर्तुगीज निघायची. आम्ही चारही भावंडं जरा जास्तच बोलकी निघालो. गोंधळ होतो तो मोठ्यांचा, शब्द मोजताना. मूल आजीकडे 'उदक' मागतं आणि आईकडे 'पाणी', तर ते दोन शब्द. एका भाषेतले मोजून बाकीचे सोडले तर यादी अर्धी होणारच. आणि शब्द म्हणजे शुद्ध उच्चार नव्हे. एका वस्तूसाठी दर वेळी तोच आवाज काढला की तो शब्द झाला. तुमच्या मुलाचे 'मम', 'भूं' आणि 'जी' हे तीन पूर्ण शब्द आहेत, आणि साडेबारा महिन्यांना तीन शब्द म्हणजे उत्तम चाललंय. त्याच्याशी ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागवता येतं, तिच्यातच बोला. तोडक्यामोडक्या परक्या भाषेत आई कमी बोलते, आणि कमी बोलणं हेच खरं नुकसान.

टीव्हीचं मात्र वेगळं. तो जी हिंदी ऐकतोय, तिच्यात कुणी त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नाही, अपवाद दूरच्या नातेवाइकांशी कधीतरी व्हिडिओ कॉलचा. दुबईच्या आत्याशी बोलू दे. जेवताना मोबाईल नको.

आणि आता त्या माटोळीकडे.

चालणं दिसतं. त्याचे व्हिडिओ निघतात, पेढे वाटले जातात. पण मूल वर्षाचं होताना त्याच्या मेंदूत जे सगळ्यांत मोठं घडतं, ते एका बोटात मावतं, आणि ते बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातही येत नाही. बोटं दोन प्रकारची असतात. एक मागण्याचं: 'तो लाडू दे.' दुसरं दाखवण्याचं: 'ते बघ!' मागणारं बोट लवकर येतं, कारण त्यात फायदा आहे. दाखवणाऱ्या बोटात कसलाच फायदा नाही. तुमच्या मुलाला ते कवंडळ खायचं नव्हतं. त्याला ते लाल काहीतरी लटकताना दिसलं, नवल वाटलं, आणि ते आईलाही दिसावंसं वाटलं. म्हणून बोट, मग वळून तुमच्या डोळ्यांकडे, 'बघितलंस ना?', मग पुन्हा वर. या एका कृतीत त्याला हे कळलंय की आईला वेगळं मन आहे, ते दुसरीकडे लागलेलं असू शकतं, आणि आपल्याला ते वळवता येतं. सगळी भाषा पुढे यावरच उभी राहते. मघाशी सांगितलेल्या अमेरिकन यादीत हे दाखवणारं बोट १८ महिन्यांना आहे. तुमच्याकडे ते साडेबाराला आलं, आणि तुम्ही तक्रार करताय की आरती म्हणू देईना!

आपल्या आज्यांनी हे कुठल्या यादीत वाचलं नव्हतं. अंगणात कडेवर घेऊन चांदोबा दाखवणं, 'काऊ कुठाय?' विचारणं, पदराआड लपून 'कुक' करणं, हा याचाच सराव आहे: दोघांनी मिळून तिसऱ्या गोष्टीकडे बघायचं. याच्या आधीच्या पायऱ्याही अशाच शांत असतात. दीड-दोन महिन्यांना चेहरा बघून हसणं. सहा महिन्यांनंतर हाकेला मान वळवणं. आठ-नऊ महिन्यांना अनोळखी माणूस बघून आईला बिलगणं. पाहुणे म्हणतात 'रडकं आहे', मी म्हणते छान आहे, ओळखतंय. आणि एखादी वस्तू हातातून मुद्दाम खाली टाकून ती कुठे गेली ते वाकून बघणं.

या शांत पायऱ्या दुर्लक्षून मी स्वतः एकदा चुकले आहे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरा महिन्यांची मुलगी, गुटगुटीत, नवव्या महिन्यात उभी राहिलेली, हसरी. आई म्हणाली, 'हल्ली पूर्वीसारखी बडबडत नाही.' मी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली, ती वळली, मी म्हटलं, 'काही नाही, चालण्याच्या नादात असेल, थांबा.' ती टाळीच्या आवाजाला वळली नव्हती. समोरच्या कपाटाच्या काचेत माझे हात हललेले तिला दिसले होते. तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि ते कळायला आणखी आठ महिने गेले. ऐकू न येणारी बाळंही पहिले पाच-सहा महिने आ-ऊ करतात, बडबडतातसुद्धा. मग स्वतःचाच आवाज कानात परत येत नाही म्हणून हळूहळू थांबतात. तेव्हापासून आईचा 'पूर्वीसारखी' हा शब्द ऐकला की मी पेन खाली ठेवते. जे कधी आलंच नाही, त्याची वाट काही दिवस बघता येते. जे आलं होतं आणि गेलं, त्याच्यासाठी कुठल्याही वयात एक दिवसही थांबायचं नाही. आणि कान टाळीने, ताटलीने, चमच्याने तपासायचे नाहीत.

तुमच्या मुलाच्या कानांबद्दल म्हणूनच विचारते: पेटीतून घरी येताना ओएई ही ऐकण्याची चाचणी केली होती का? कानात छोटी बोंडी घालून, बाळ झोपलेलं असताना, दोन मिनिटांत होते. पाच दिवसांपेक्षा जास्त अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना बेरा नावाची मेंदूकडून उत्तर मोजणारी तपासणीही करावी, कारण कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या शिरेतला दोष ओएईत कळत नाही. जन्मानंतर महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार, असा आमचा नियम. तुमच्याकडे तो चुकला असेल तर आता करा. त्याचं बोलणं पाहता कान ठीक असणार असं मला वाटतं, पण 'वाटतं' या शब्दाची किंमत मी वर सांगितलीच. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला उशीर हा तपासणीचा भाग आहे, तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रातूनही पुढे पाठवणी मागता येते. भिडस्तपणा करू नका.

आता जावेच्या मुलीबद्दल. तुम्ही लिहिलंय: 'ती इतकी शहाणी, की तासन्‌तास एकटी खेळते. बाटल्यांची झाकणं ओळीने लावत बसते. हाक मारली तरी मान वर करत नाही इतकी रमते, पण मोबाईलवर गाणं लागलं की आतल्या खोलीतून धावत येते. काही हवं असलं की आईचा हात धरून फ्रिजपाशी नेते. मध्यंतरी आई, टाटा म्हणायची, आता म्हणत नाही, नखरेल आहे. आमच्या याच्यासारखा त्रास नाही.'

मी या मुलीला पाहिलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या पत्रावरून निदान करणारा डॉक्टर मूर्ख म्हणायचा. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली, तर काहीच नाही. झाकणं ओळीने पुष्कळ मुलं लावतात. पण अठराव्या महिन्यात हाकेला प्रतिसाद नाही, बोट दाखवण्याऐवजी दुसऱ्याचा हात हत्यारासारखा वापरणं, आणि मुख्य म्हणजे आलेले शब्द जाणं, हे तिन्ही एकत्र आलं की तिला बघायला हवं, आणि या महिन्यात. अकराव्या महिन्यात चालली याने यातलं काहीच झाकलं जात नाही. पाय आणि बोलणं यांचे रस्ते वेगळे आहेत. आधी कान. गाण्याला धावते म्हणून ऐकू येतंच असं धरू नका, काही सूर ऐकू येतात आणि काही नाही असंही असतं. मग १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची वीस प्रश्नांची एक चाचणी असते, एम-चॅट, ती आईला विचारूनच भरतात. तिच्यातून स्वमग्नतेची शंका घ्यायची की नाही एवढंच ठरतं, निदान नाही. आणि शंका खरी निघाली, तरी दीड वर्षाला सुरू केलेलं काम आणि चार वर्षांना सुरू केलेलं काम यांत फार फरक असतो.

आता हे जावेला सांगायचं कसं? चवथीला जिच्या मुलीचं कौतुक झालं, तिला मागाहून तुम्हीच फोन करून 'तुझ्या मुलीचं काहीतरी बिघडलंय' म्हणालात, तर ती पुढची दहा वर्षं तुमच्याशी बोलणार नाही, आणि मुलीला तर मुळीच नेणार नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे लिहू नका. सासूबाईंमार्फत तर नकोच. त्यापेक्षा तुमच्याकडे खरं कारण आहे, ते वापरा. तुमच्या मुलाची कानांची तपासणी राहिलेली आहे. जावेला म्हणा, 'वहिनी, मला एकटीला बांबोळीला जायला धीर होत नाही, तू चल ना सोबत. तिचं आई, टाटा म्हणणं बंद झालंय ना, दोघांचे कान एकदम बघून घेऊ.' तिचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांतलाच, तोही राहिला असेल तर विचारून घेता येईल. सकाळी लवकर निघा, मुलं झोपेला येतील अशा वेळेचा नंबर मागा, कारण बेरासाठी मूल झोपलेलं लागतं. दोघांचीही कार्डं बरोबर घ्या. आणि आत गेल्यावर डॉक्टरांना तुमच्या मुलाबद्दल आधी विचारू द्या, मग जावेला स्वतःला बोलू द्या. ती कधीपासून 'आई' म्हणेनाशी झाली, हे तिने महिन्यासकट सांगितलं पाहिजे. तुम्ही मधे बोलू नका.